टर्बो गाडीला इनटेक कुठला? आधी फिल्टरमागचा दाब मोजा

प्रश्न असा आहे: पुण्यातली २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, स्टेज १ मॅप (ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर) झालेला, टर्बो (एग्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) कंपनीचाच. इनटेकचे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या फिल्टर-पाइपचे, समोर तीन पर्याय आहेत. कंपनीच्याच डब्यात बसणारा, धुऊन वापरायचा सपाट कापडी फिल्टर; पत्र्याच्या आडोशाचा उघडा कोन फिल्टर; आणि १०० मिमी पाइपचा बंद कार्बन डबा. पैसे कशावर घालावेत?

मोजमाप होईपर्यंत तिन्हींवर घालू नका. मोजमाप झाल्यावरही बहुधा कंपनीचा डबा, नवा कागदी फिल्टर आणि टर्बोच्या तोंडाशी एक बरा एल्बो (पाइपचं वळण) एवढ्यावरच भागेल. का, ते सांगतो.

साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात फिल्टरने अडवलेली हवा थेट ताकदीतून वजा होते. टर्बो गाडीत तसं होत नाही. इथे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दाबाचं लक्ष्य दिलेलं असतं आणि ते गाठेपर्यंत तो वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एग्झॉस्ट सोडणारी झडप) मिटत राहतो. फिल्टर थोडा गच्च असला तर टर्बो थोडा जास्त फिरतो आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) दाब तेवढाच मिळतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाबच १०१ ऐवजी ८६ किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे घाट चढताना १५ किलोपास्कल आपोआप गेले, तरी टर्बो गाडी साध्या गाडीसारखी धापा टाकत नाही. चांगला फिल्टर आणि बरा फिल्टर यांत फरक असतो एक-दोन किलोपास्कलचा. इनटेक बदलल्याबरोबर गाडी 'उडायला लागली' असं कोणी सांगितलं, तर त्यातला मोठा वाटा आवाजाचा असतो. पूर्वी डब्यात दबणारी डायव्हर्टर व्हॉल्व्हची (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) फुस्स आता मोकळी ऐकू येते, आणि कानाला ती ताकद वाटते.

पण या हिशेबाला मर्यादा आहे. वेस्टगेट पूर्ण मिटला की टर्बोकडे द्यायला काही उरत नाही. तुमच्या गाडीतला आयएस२० टर्बो लहान आहे. मॅप केल्यावर साधारण ५,५०० आरपीएमच्या पुढे त्याचा दाब तसाही उतरायला लागतो. इनटेकचा खरा फायदा मिळतो तो या शेवटच्या हजारभर आरपीएममध्येच. तिथे टर्बोच्या तोंडाशी २ किलोपास्कल वाचवले, तर पुण्याच्या ९५ किलोपास्कल हवेत ते दोन टक्के झाले. २९० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) गाडीत पाच-सहा पीएस. खालच्या आणि मधल्या आरपीएममध्ये जवळपास शून्य.

आता हवा किती लागते ते बघू. पेट्रोल टर्बो इंजिनाला एका पीएसमागे सेकंदाला ढोबळ ०.८ ग्रॅम हवा लागते. कंपनीच्या २३० पीएसला १८४ ग्रॅम, तुमच्या स्टेज १ च्या साधारण २९० पीएसला २३२ ग्रॅम. प्रवाह सव्वापट झाला, पण अडथळ्याचा दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो जवळजवळ १.६ पट होतो. कंपनीच्या ट्यूनवर जो डबा २ किलोपास्कल खात होता, तोच आता ३.२ खाईल. 'कंपनीने विचार करूनच डबा दिलाय' हे खरं, पण तो विचार १८४ ग्रॅमचा होता. आणि 'मॅप केला म्हणजे इनटेक बदलावाच लागतो' हेही अर्धंच खरं, कारण तुमच्या डब्याचा मूळ आकडा २ आहे की १, हे न मोजता कोणालाच सांगता येत नाही.

मोजायचं असं. फिल्टरनंतर आणि टर्बोच्या आधी, पाइपच्या सरळ भागात ४ मिमीचा निपल बसवा. तो आतल्या बाजूला पाइपच्या भिंतीशी सपाट हवा. टोक प्रवाहात घुसलं तर आकडा खोटा येतो. तिथून पातळ नळी केबिनमध्ये आणून ० ते १० किलोपास्कलच्या व्हॅक्यूम गेजला जोडा. काचेची किंवा प्लॅस्टिकची पाण्याची यू-नळीही चालते. १ किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत १०२ मिमीचा फरक. पण प्रत्येक बाजू मीटरभर उंच नसेल तर पाणी थेट टर्बोत ओढलं जाईल, तेव्हा गेजच बरा. मग डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), समोर जोरदार पंखा लावून, पूर्ण थ्रॉटलवर ६,००० च्या पुढे न्या आणि सगळ्यात मोठा आकडा टिपा.

आकडा २ किलोपास्कलच्या आत असला तर इनटेकचा विषय संपला. २ ते ४ च्या मध्ये असला तर अडथळा कुठे आहे ते शोधायचं. ४ च्या वर गेला तर काहीतरी बदलायलाच हवं. ही माझी कामाची रेघ आहे, कुठल्या नियमावलीतली नव्हे.

अडथळा शोधताना एकेक तुकडा काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. आधी ग्रिलपासून डब्यापर्यंत हवा आणणारी पुढची नळी, म्हणजे स्नॉर्कल, काढा. आकडा पाऊण-एक किलोपास्कल उतरला तर दोष तिथे आहे. जाळीत अडकलेली पानं आणि किडे काढूनही कधीकधी तेवढंच काम होतं. मग नवा कागदी फिल्टर घालून बघा. जुना फिल्टर काढून त्या जागी काहीच न ठेवता चाचणी घ्यायचा मोह आवरा, एका रनमध्येही. डायनोच्या खोलीतल्या पंख्यासमोर काय काय उडत असतं ते बघितलंत तर मोह आपोआप जाईल.

यानंतरही आकडा मोठाच राहिला तर अडथळा टर्बोच्या तोंडाशी असतो, आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही. या इंजिनात, म्हणजे ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीत, टर्बो फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला आहे. डब्यातून निघालेला पाइप इंजिनवरून मागे जातो आणि शेवटी घट्ट वळण घेऊन टर्बोत शिरतो. त्या वळणाचा हिशेब बघा. पुण्यात ३५ अंशाला हवेची घनता साधारण १.०८ किलो प्रति घनमीटर, म्हणजे २३२ ग्रॅमची जागा सेकंदाला सुमारे २१६ लिटर. आतून ६३ मिमीच्या पाइपमध्ये हा प्रवाह ६९ मीटर प्रति सेकंद वेगाने धावतो आणि त्या वेगातच सुमारे २.६ किलोपास्कल अडकलेले असतात. ७३ मिमीला वेग ५२ वर येतो आणि दाब १.४ वर. १०० मिमीला वेग २७-२८ आणि दाब जेमतेम ०.४. काटकोनात जोडलेलं तीक्ष्ण वळण यातला बहुतेक सगळा दाब खाऊन टाकतं. गोलाईने वळवलेला एल्बो पाव-तिसरा हिस्सा खातो. म्हणजे ६३ मिमीचं एक वाईट वळण सुधारलं तर दीड-पावणेदोन किलोपास्कल वाचतात, आणि तोच ७३ चा चांगला पाइप उगाच १०० चा केला तर त्या वळणात फार तर ०.३. शिवाय टर्बोतल्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या, चाकाचं तोंड याहून बरंच लहान असतं. शंभरचा पाइप तिथे कुठेतरी निमुळता करावाच लागतो, आणि ती निमुळती जागा पायरीसारखी असेल तर वाचवलेलं परत जातं. १०० मिमीचा डबा मोठा टर्बो बसवून ४०० पीएसकडे निघालेल्यांसाठी ठीक आहे. आयएस२० वर तो शोभेला.

पाइपचा व्यास निवडण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या गाडीत एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे का? डब्याच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी किंवा लगेच पुढे, दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेला आणि वायरिंगचा सॉकेट लागलेला तुकडा दिसला तर आहे. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आणि देशांच्या गाड्यांत याबाबत फरक असतो, म्हणून इंटरनेटवरच्या फोटोवर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा. सेन्सर असेल तर तो ज्या नळीत बसतो तिचा आतला व्यास कंपनीइतकाच हवा. ७० च्या जागी ७६ मिमी केलं तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं आणि सेन्सर तितक्याच हवेला साधारण १५ टक्के कमी समजतो. ईसीयू पेट्रोल कमी टाकतो, मग ऑक्सिजन सेन्सर बघून परत वाढवतो. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये कायम धरलेली टक्क्यांची दुरुस्ती) अधिक १७-१८ वर जाऊन बसतो, आणि थोडी गळती भर पडली की पी०१७१ चा, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याच्या कोडचा, दिवा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर चूक जास्त महागात पडते. सेन्सर नसेल आणि गाडी मॅनिफोल्डच्या दाबावर चालत असेल तर व्यासाची ही कटकट नाही, पण मॅप करणाऱ्याला बदल सांगायलाच हवा.

आता उघड्या कोनाबद्दल. त्याच्याविरुद्ध 'गरम हवा ओढतो' हा आक्षेप सगळे घेतात. तो खरा आहे, फक्त मांडला जातो चुकीचा. बॉनेटखाली १० अंश जास्त गरम हवा ओढली तर टर्बोतून बाहेर पडताना ती साधारण १४ अंश जास्त गरम असते. इंटरकूलर (टर्बोनंतर हवा गार करणारा रेडिएटर) चांगला असेल तर त्यातले दहा-साडेदहा अंश तो काढून टाकतो आणि मॅनिफोल्डपर्यंत साडेतीन-चार अंशच पोचतात. साध्या इंजिनाइतका फटका बसत नाही. पण गरम हवा पातळ असते. तेवढंच वजन ओढायला टर्बोला तीन टक्के जास्त घनफळ हाताळावं लागतं, आणि शेवटच्या हजार आरपीएममध्ये तो आधीच थकलेला असतो. थोडक्यात, कोनाने वाट मोकळी करून जे वाचवलं ते गरम हवेत परत जातं. नवले पुलाच्या कोंडीत वीस मिनिटं उभी राहिलेली गाडी पुढे मोकळ्या रस्त्यावर आली, की पहिले दोन-तीन किलोमीटर हा हिशेब कोनाच्या विरुद्धच असतो. पत्र्याचा आडोसा तीन बाजूंनी असला आणि वरून बॉनेटला रबर टेकत नसलं, तर तो आडोसा नुसता दाखवायचा.

हे तपासणं सोपं आहे. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ग्रिलच्या पुढे, एक फिल्टरला लागून. ताशी ४० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवा. फरक ५-६ अंशांच्या आत असेल तर मांडणी चांगली. १० च्या वर गेला तर ती बॉनेटखालची हवाच ओढते आहे, मग डबा कितीही देखणा असो.

धुळीचं मात्र मला टर्बोच्या ताकदीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालूच असतं आणि ती धूळ म्हणजे बारीक वाळू. ५ ते २० मायक्रॉनचे कण सगळ्यात घातक. ते रिंग आणि सिलिंडर घासतात, आणि त्याआधी कॉम्प्रेसरच्या पात्यांची पुढची धार खातात. ती धार बोथट झाली की टर्बोची कार्यक्षमता कायमची जाते आणि कुठलाही इनटेक ती परत आणत नाही. चांगला कागदी फिल्टर प्रमाणित आयएसओ ५०११ चाचणीत ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेलाचा कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण अडवण्याच्या बाबतीत बहुधा कागदाच्या मागे राहतो, आणि तेल नीट लागलेलं नसेल तर फारच मागे. विकत घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: आयएसओ ५०११ चा अहवाल आहे का, आणि त्यात कार्यक्षमता, दाबाची घट आणि किती ग्रॅम धूळ सामावते हे तिन्ही आकडे एकाच प्रवाहावर दिलेत का? नुसतं 'हवा ५० टक्के जास्त' असं लिहिलेलं असेल तर पुडी परत ठेवा.

कागदी फिल्टर घेतलात तर त्याला प्रत्येक सर्व्हिसला हवा मारू देऊ नका. ही गॅरेजातली जुनी खोड आहे. गॅरेजातल्या हवेच्या पंपाच्या झोताने कागदात न दिसणारी भोकं पडतात, आणि थोडी धूळ बसल्यावर फिल्टर जो आणखी बारीक गाळायला लागलेला असतो तो फायदाही जातो. दहा-पंधरा हजार किलोमीटरला, किंवा गेजवर आकडा नव्या फिल्टरपेक्षा एक किलोपास्कलने वाढला की, सरळ बदलायचा.

कापडीच घ्यायचा असेल तर धुण्याची पद्धत पाळा. क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग साध्या नळाच्या पाण्याने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. प्रेशर वॉशर नको. सावलीत रात्रभर वाळवा. ऊन, हेअर ड्रायर, झोत काही नको. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ, वीस मिनिटं थांबायचं, फिकट राहिलेल्या जागी पुन्हा थोडं. तेल जास्त झालं तर ते एअर मास सेन्सरच्या तापलेल्या फिल्मवर जाऊन बसतं, आणि मग गाडी उगाच धक्के खाते. ओल्या फिल्टरला तेल लावलं तर ते पसरतच नाही.

पावसाबद्दल थोडं, पण गंभीरपणे. बंपरच्या मागे खाली नेलेला कोन थंड हवा ओढतो हे खरं, आणि साचलेलं पाणीही तोच ओढतो. या इंजिनात एका सिलिंडरला ४९६ घनसेंमी विस्थापन आणि ९.६ कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ५८ घनसेंमी. कटिंग चहा यापेक्षा जास्त असतो. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीचा स्नॉर्कल ग्रिलच्या माथ्यावरून हवा घेतो, तो उगाच नव्हे. डब्याच्या तळाशी पाणी जाण्याचं छोटं भोक असतं, ते पावसाळ्याआधी तारेने मोकळं करा. मॉन्सूनमध्ये कोनावर पाणी झटकणारा बाहेरचा मोजा घालतात. तो चिखलाने माखला तर स्वतःच अडथळा होतो, तेव्हा दर आठवड्याला धुवायचा.

बसवतानाच्या चुका बहुधा होजमध्ये होतात. टर्बोच्या तोंडाकडचा होज ओढला जातो, फुगवला जात नाही. पातळ, एक-दोन थरांचा सिलिकॉन होज पूर्ण थ्रॉटलला आत चिपटतो आणि थ्रॉटल सोडल्यावर परत गोल होतो, त्यामुळे गॅरेजात उभ्या गाडीत दोष सापडत नाही. चार थरांचा, शक्यतो आत तार असलेला घ्या. दुसरं, ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसातून (इंजिनाच्या पोटातून) वाफ काढणाऱ्या नळीची, तेलकट वाफ याच भागात येते. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपून होज बाहेरून घाम आल्यासारखा ओला होतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला होज हवा. पाइपला ब्रीदर आणि टाकीच्या वाफेच्या नळ्या जोडायच्या तोट्या कंपनीच्या जागीच आहेत ना, हे पैसे देण्याआधी पाइप शेजारी ठेवून बघा. पाइपला तोटी नाही म्हणून ब्रीदर उघड्यावर सोडणारे भेटतील. त्याने बॉनेटखाली तेलाचा थर बसतो, आणि सेन्सरवाल्या गाडीत न मोजलेली हवा आत येते.

क्लॅम्प अस्तर असलेले वर्म-ड्राइव्ह पुरेत, ३ ते ४ न्यूटन मीटर घट्ट. ओढीच्या बाजूला टी-बोल्ट क्लॅम्प लागत नाहीत, उलट जास्त आवळून प्लॅस्टिकची तोटी फोडतात. सगळं बसल्यावर फिल्टरच्या जागी बूच लावून धुराची चाचणी घ्या, म्हणजे आत धूर भरून गळती शोधा. दाब ०.१ बारच्या वर नेऊ नका, कारण ब्रीदरमधून तो क्रँककेसात जातो आणि सील उचलले जातात.

मग लॉग (ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) काढा: मागितलेला दाब, मिळालेला दाब, वेस्टगेटची स्थिती, इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरची मागे घेतलेली इग्निशन (ठिणगीची वेळ, क्रँकच्या अंशांत). तुमच्यासारख्या गाडीत खरी अडचण बहुधा इथे सापडते. लागोपाठच्या दुसऱ्या रनच्या शेवटी इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा ३५-४० अंशांनी वर आणि इग्निशन तीन-चार अंश मागे घेतलेली दिसली, तर पैसे इंटरकूलरवर घाला. त्याचा परिणाम पाच-सहा पीएसच्या इनटेकपेक्षा मोठा असतो आणि एप्रिलमध्ये तर रोज जाणवतो. पी०२९९, म्हणजे दाब कमी पडल्याचा कोड आला, तरी इनटेकला दोष देण्याआधी टर्बोच्या पुढचे होज आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह बघा. दाबाच्या बाजूची गळती इनटेकच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडते.

पुढे आयएस३८ हा मोठा टर्बो बसवायचा बेत असेल तर हिशेब बदलतो. ३५० पीएसच्या वर २८० ग्रॅमची हवा लागते, कंपनीच्या डब्याचा आकडा मूळच्या सव्वादोन-अडीचपट होतो, आणि तेव्हा ७५-८० मिमी पाइपचा, ग्रिलमधून हवा घेणारा, झाकण पूर्ण मिटणारा बंद डबा घेणं रास्त आहे. टर्बोच्या तोंडाचा एल्बो त्याच वेळी बदलायचा, नाहीतर डब्याने वाचवलेलं तिथे जातं. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरशी आधी बोला. मूळ डबा आणि फिल्टर जपून ठेवा.

काहीही बसवलंत तरी ५०० किलोमीटरला क्लॅम्प पुन्हा तपासा, आणि १,००० किलोमीटरला फिल्टर काढून पाइपच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बोटाला पांढरं फडकं गुंडाळून फिरवा. तेलाचा हलका डाग ब्रीदरचा असतो, त्याची काळजी नाही. फडकं बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर धूळ आत जाते आहे. आधी फिल्टरची कड डब्याच्या खाचेत नीट बसली आहे का ते बघा. कड नीट असेल तर तो फिल्टर त्याच दिवशी काढा आणि कागदी परत घाला.